मामांचं गॅरेज आणि माझी दुहेरी काच

याकुत्स्क, २१ नोव्हेंबर

तीर्थरूप मामा आणि मामी यांना मिचिलचा नमस्कार.

मामा, तुमची कंबर आता कशी आहे? घोडे बर्फ उकरून पोटभर खात असतीलच. मामींनी केस्किलबरोबर पाठवलेले गोठवलेले मासे पोचले (अकरा होते असं मामी फोनवर म्हणाल्या, त्याने नऊ दिले).

माझी तब्येत ठीक आहे. गाडीच्या हिवाळ्याच्या तयारीला मी ऑगस्टातच लागलो होतो. इंजिनात पातळ तेल घातलं, बॉनेटखाली जाड लोकरी दुलई शिवून बसवली आणि दंव गोठून बाहेरचं दिसेनासं होऊ नये म्हणून प्रत्येक काचेला आतून दुसरी काच चिकटवली (मधे बोटभर हवा, सगळीकडे सारखी, मोजली आहे). बॅटरी रोज संध्याकाळी काढून वर आणतो आणि पलंगाशेजारी ठेवतो. तुमचा केस्किल यातलं काहीएक करत नाही, कारण तुमचं शहरातलं, गरम पाण्याच्या नळांनी उबदार राहणारं गॅरेज त्याच्याकडे आहे. मुलाला द्यावंच, माझी तक्रार नाही. पण सकाळी मी अंगणात गोठलेल्या बोटांनी बॅटरीचे बोल्ट आवळत असतो, तेव्हा हा कोटाची बटणंसुद्धा न लावता गाडी शेजारी थांबवतो आणि विचारतो, "काय रे, तान्हं उठलं का?"

आमच्या वरच्या मजल्यावर कुन्नेय राहते (संग्रहालयात नोकरी करते, हळू बोलते, तीन वर्षं माझ्या मनात आहे). गुरुवारी तिने आपणहून विचारलं, "उद्या मला कामावर सोडशील?" शुक्रवारी उणे एकेचाळीस होतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या झडपेतून वायर खाली सोडून इंजिनाचा हीटर दोन तास चालू ठेवला. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. कुन्नेय आत बसली, काचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "अय्या, दंवाचा ठिपका नाही!" मामा, हे ऐकून मी असा काही हरखलो, की वायर काढायची राहिली. गाडी निघाली; वायरीमागून बोर्ड आला, बोर्डामागून त्यातच खोचलेली आईची विजेची किटली, आणि ती झडपेत मावेना म्हणून खिडकीची काच. "मुडद्या, घर कुठे ओढून नेतोस?" हे तुमच्या ताईंचे शब्द. मी खिडकीत गाद्या कोंबायला वर धावलो. खाली आलो तेव्हा केस्किल तिला घेऊन गेला होता. तेव्हापासून ती रोज त्याच्याच गाडीतून जाते.

मामींना नमस्कार. कंबरेला शेक घेत जा.

तुमचा भाचा,
मिचिल

ता. क. : पिण्याच्या पाण्यासाठी तळ्यावरचा बर्फ कापायला यंदा माणसं कमी पडत असतील. केस्किलला बोलावून घ्या. वसंतापर्यंत ठेवलात तरी इथे कोणाचं अडणार नाही.

ता. क. २ : केस्किल स्वतःच आज गावी निघाला आहे, म्हणून हे पत्र त्याच्याच हाती देतो (पाकीट तीनदा चिकटवलं आहे). बरोबर कुन्नेय आहे. त्या दोघांना तुम्हाला काही सांगायचं आहे म्हणे.

ता. क. ३ : उघड्या रस्त्यावर तिला बाहेरचं दिसायला हवं, म्हणून त्याच्या गाडीला दुहेरी काचा बसवून द्यायला तिने मलाच सांगितलं. बसवल्या. तिच्या बाजूची पाहाच, एक बुडबुडा सापडायचा नाही. त्याच्या बाजूची राहिली; काच संपली, असं त्याला सांगितलं आहे. एक शिल्लक आहे.