बारा राक्षसांचे डोळे

२२ नोव्हेंबर २००७, गुरुवार

नेत्राने डब्याच्या पिशवीतून राक्षस काढला आणि ओट्यावर ठेवला. माझ्या अंगठ्याहून जरा मोठा, राखाडी प्लास्टिकचा. ढेरी पुढे, नाक कारल्यासारखं, हातात दगडी सोटा. मी भाकऱ्या थापत होते. पिठाच्या हातानेच उचलला.

"ट्रोल म्हणतात याला," लेक म्हणाली. "परदेशातल्या गोष्टींत असतो. पुलाखाली राहतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याची वाट अडवतो."

"मग कशेळीच्या पुलाखाली त्याला काय काम? तिथे आधीच सगळे ट्रॅफिकमध्ये अडकलेत."

ती कशेळीच्या ज्या गोदामात कामाला जाते, तिथल्या कुणालशेठना याचं वेड आहे. रविवारी मित्र जमवून पटावर हे मांडतात आणि लढाई खेळतात – चाळिशीचा माणूस! असे बारा आहेत, सगळे बिनरंगाचे. हिने सांगून टाकलं, माझी आई गणपती रंगवते.

रंगवते म्हणजे काय? मी पांढऱ्या रंगाचा हात देते, पितांबर आणि शेला रंगवते, उंदीर रंगवते. डोळे कधी काढले नाहीत. शेलार गावातल्या आमच्या मूर्तींच्या कारखान्यात डोळ्यांचा ब्रश बाईच्या हातात देत नाहीत. आधी तो ह्यांच्याकडे होता, आता धाकट्या दिरांकडे आहे.

राक्षस ठेवून घेतला.

२५ नोव्हेंबर, रविवार

कारखाना आवरायला गेले होते. केसरीनाथ भावोजी कोपऱ्यातल्या मूर्तीपाशी उभे राहिले. तिच्यावरचं फडकं आता धुळीने खाकी झालंय.

तीन वर्षांपूर्वी, गणपतीच्या आधी पंधरा दिवस, हे पहाटे अंघोळ करून डोळे काढायला बसले. त्या वेळी कुणी बोलायचं नाही, दार लोटलेलं असतं. आत ब्रश पडल्याचा आवाज आला, मग ह्यांचा. मी पोचेपर्यंत हे गेले होते, भावोजींनी ह्यांना बाहेर आणलं होतं. मूर्तीवर फडकं त्यांनीच घाईघाईत टाकलं. ते अजून कुणी काढलेलं नाही.

"वहिनी, पाडव्याला नवी माती येतेय. जागा पायजे. आता ही भिजवू."

शाडूची मूर्ती पाण्यात ठेवली की पुन्हा माती होते. डोळे उघडले नसतील तर तिच्यात देव नसतो, म्हणजे दोषही नाही. सगळं कळतं मला.

मी म्हटलं, "तुम्ही डोळे काढा ना. बाकी मूर्ती पुरी आहे."

"दादाचं काम अर्ध्यावर राह्यलंय. त्याच्यापुढं माझा हात न्हाय चालायचा."

"पाडव्यापर्यंत थांबा मग."

थांबतो म्हणाले. पण पाडव्याला काय होणार आहे, ते मलाही सांगता आलं नसतं.

२ डिसेंबर, रविवार

राक्षसाला कारखान्यातला हिरवा लावला. रंग अंगावर टिकेना, अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा पळाला. साबणाने घासून अंघोळ घातली, मग जरा धरला. मी नेहमीच्या सवयीने जाड हात दिला. नाक बुजलं, बोटं बुजली. सासूबाईंनी लांब धरून पाहिलं.

"राकस हाय का भोपळी मिरची?"

आक्का सत्याऐंशीच्या आहेत, पण त्यांचं चुकत नाही.

९ डिसेंबर, रविवार

कुणालशेठनी रंगाच्या इवल्या बाटल्या पाठवल्या आणि एक पुस्तक. इंग्रजी आहे, नेत्राने वाचून मराठीत सांगितलं. आधी पातळ रंग. तो वाळला की गडद रंगाचं अगदी पाणी करून अंगभर सोडायचं. मग उंचवट्यांवर फिका रंग, त्याच्यावर आणखी फिका, थरावर थर.

केलं तसं. गडद पाणी सोडलं आणि सगळा राक्षस मळका झाला. मला बघवेना. फडकं घेऊन खसाखसा पुसला. पुन्हा सोडलं, पुन्हा पुसला. तीनदा!

"आई, पुसतेस कशाला? पुस्तकात पुसायला नाही सांगितलं."

"घाण दिसतंय गं."

"तो राक्षस आहे, आई. त्याने कधी अंघोळ केलेली नाही."

पंचवीस वर्षं देवाच्या अंगावरचा एकेक डाग टिपला. हात ऐकत नाही.

११ डिसेंबर, मंगळवार

आज हात बांधून बसले – म्हणजे खरंच, पदरात गुंडाळून. पाणी सोडलं आणि वाळेपर्यंत शिवले नाही.

गडद पाणी आपसूक खाली उतरलं. ढेरीच्या वळीत, बोटांच्या फटीत, डोळ्यांच्या खोबणीत जाऊन बसलं. उंच भाग उघडे राहिले. आणि ओट्यावर एक म्हातारा, दमलेला, चिडका जीव उभा राहिला.

ह्यांच्या ब्रश धुण्याचं पाणी मी रोज ओतायचे. डबाभर गढूळ पाणी, दिवसभराचे सगळे रंग त्यात. "तुळशीत नको टाकूस," असं रोज बजावायचे, जसं काही मी रोज नवी आलेय. ते सगळं पाणी गटारात गेलं. त्यात किती राक्षस जिवंत झाले असते!

१३ डिसेंबर, गुरुवार

कुणालशेठना आवडला. उरलेले अकरा आले.

१८ डिसेंबर, मंगळवार

आता क्रम बसलाय. सकाळी नेत्रा गेली की खिडकीत पाट टाकायचा. दुपारी तीनला लाईट जाते, शेजारचे कापडाचे लूम बंद पडतात आणि गल्ली एकदम मोकळी होते. तेव्हा फिके थर द्यायचे, कारण त्या वेळी श्वासही मोजून घ्यावा लागतो.

बाटल्यांवरची इंग्रजी नावं मला येत नाहीत. मी झाकणांवर मराठीत चिठ्ठ्या लावल्या. शेवाळी, राखी, करडा. एकीवर "कालची आमटी" असं लिहिलंय, कारण तो रंग तसाच आहे.

मी वाचायला शिकले ते अशाच झाकणांवर. ह्यांनी प्रत्येक डब्यावर रंगाचं नाव लिहिलेलं असायचं. आत हिरवा दिसला की वर लिहिलंय ते "हिरवा" असणार. त्यातून हि कळला, पिवळ्यातून पि. कुणी शिकवलं नाही. वर्षभराने मी वर्तमानपत्रातली बातमी मोठ्याने वाचली तेव्हा ह्यांच्या हातातला चहा सांडला. दुसऱ्या दिवशी निजामपुऱ्याच्या बाजारातून माझ्यासाठी पुस्तक आणलं. स्वयंपाकाचं! पण मी तेही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं.

२७ डिसेंबर, गुरुवार

राक्षसांपुढे तांदळाचे दाणे दिसले. मुंग्या लागलेल्या. आक्कांचं काम.

"वाट राखतो ना त्यो? मंग शीवेवरचा राखणदार झाला. उपाशी ठेवू नको. आपल्यावर उलटंल."

दाणे झाडले. संध्याकाळी पुन्हा होते. आता राहू देते.

१५ जानेवारी २००८, मंगळवार

संक्रांत. गल्लीतल्या बाया हळदीकुंकवाला गेल्या. आमचं दार कुणी वाजवलं नाही, वाजवणार नव्हतेच. उजेड चांगला होता. तीन राक्षसांचे पाय झाले. तीळगूळ नेत्राने आणला, मी आणि आक्कांनी खाल्ला. त्यांनी एक तीळ राक्षसांनाही ठेवला.

३ फेब्रुवारी, रविवार

बाराही झाले. कातडी, चामखिळी, दात, फाटकी लंगोटी, सोट्यावरचं शेवाळ. डोळे तेवढे राहिले. बारा जण ओळीने खिडकीत उभे आणि एकालाही दिसत नाही. पहिल्याचेही राहिलेत, कुणालशेठच्या लक्षात आलं नव्हतं, पण त्यांनी तो आता डोळ्यांसाठी परत पाठवलाय. पाडव्याच्या आधी सगळे हवेत.

नेत्रा म्हणाली, "काढ की."

मी म्हटलं, "भावोजींना विचारते."

ती म्हणाली, "राक्षसाचे डोळे, आई. देवाचे नाहीत."

१० फेब्रुवारी, रविवार

भावोजी आले. आधी म्हणाले, "मी देवाचा हात राकसाला लावायचा न्हाय." मग चहा झाला. मग म्हणाले, "बघू दे, केवढा हाय त्यो."

सगळ्यात बारका ब्रश दिला. त्यांनी राक्षस जवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ. ठिपका ठेवला तो नाकावर.

"लाईट न्हाय तुमच्याकडं," म्हणाले. सकाळचे अकरा वाजले होते, खिडकीतून ऊन थेट पाटावर.

आक्का म्हणाल्या, "माझा चष्मा देऊ का रं?"

ते हसले नाहीत. मीही हसले नाही. जाताना चपलेत पाय घालायला त्यांनी पायानेच चाचपून चप्पल शोधली. गेल्या वर्षी मोठ्या मूर्तींचे डोळे जरा वाकडे होते ते आठवलं. लोक ह्यांचं नाव घेऊन म्हणाले होते, पंढरीचा हात निराळाच होता.

कधीपासून दिसत नाही त्यांना? आणि कुणाला सांगणार? डोळे काढणं हेच तर त्यांचं कारखान्यात पहिलं काम.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

मीच काढले. अंघोळ करून, दार लोटून, न बोलता. राक्षसासाठी!

पहिला डोळा सरळ आला. दुसऱ्याने घात केला. एक डोळा कशेळीला बघतोय, दुसरा कल्याणला.

१६ फेब्रुवारी, शनिवार

पुसला, काढला. पुसला, काढला. पहिला डोळा कुणालाही जमेल. दुसऱ्याला पहिल्याशी जुळवून घ्यावं लागतं, तिथेच सगळं अडतं.

२० फेब्रुवारी, बुधवार

डोळे जुळले! पण नेत्रा पोट धरून हसली. राक्षस मायेने बघतोय. लांब डोळे, अर्धी मिटलेली पापणी, नजर खाली भक्ताकडे. मला दुसरे डोळे येतच नाहीत, आयुष्यभर तेच बघितले.

"हा वाट अडवणार नाही," म्हणाली. "जा बाळा म्हणेल, डबा घेतलास का विचारेल."

त्याला तसाच ठेवलाय. बाकीच्यांना रागावायला शिकवते.

४ मार्च, मंगळवार

युक्ती सापडली. राक्षस उलटा धरायचा. डोकं खाली केलं की तो चेहरा राहत नाही, नुसते आकार उरतात आणि हात घाबरत नाही. आज दोन झाले, दोघेही भयंकर. आक्कांनी तांदूळ वाढवले.

१२ मार्च, बुधवार

आणखी एक युक्ती. ह्यांचा दाढीचा आरसा अजून मोरीच्या खिळ्यावर आहे. तो काढून राक्षसाच्या पहिल्या डोळ्यासमोर धरला. आरशात डावा उजवा झाला! म्हणजे दुसरा डोळा कसा हवा ते समोरच दिसतं, फक्त बघून काढायचं. मूर्ख मी. तीन वर्षं तो आरसा नुसता पुसून ठेवत होते.

२३ मार्च, रविवार

होळी झाली. कुणालशेठ स्वतः आले. वाटलं होतं त्याहून बुटके आणि लाजरे. बारा राक्षस बघून खाली पाटाजवळ मांडी घालून बसले, पँटला तांदूळ चिकटले तरी उठेनात. सगळे एकेक करून वळवून पाहिले. मायाळू राक्षसापाशी थांबले.

मी म्हटलं, "तो चुकलाय. पुन्हा काढून देते."

"नको काकी. हा मी लढाईला नेणार नाही. टेबलावर ठेवीन." मग विचारलं, "डोळे कुठे शिकलात?"

"घरीच," म्हटलं.

अकरा डब्यात घातले, बारावा शर्टाच्या खिशात. खिडकी रिकामी झाली. आक्का म्हणाल्या, "गेले का? न सांगता?"

३० मार्च, रविवार

भावोजींनी टब धुऊन ठेवलाय. मोठा निळा, मूर्ती बुडेल एवढा. मी दारातून पाहिला आणि परत आले.

५ एप्रिल, शनिवार

आज कारखान्यात गेले. म्हटलं, "भावोजी, डोळ्यांचा ब्रश द्या. मूर्तीचे डोळे मी काढते."

ते टबाच्या काठावर बसले. मला वाटलं, रीत सांगतील, बाईचा हात सांगतील. सगळी उत्तरं मी रिक्षात तयार केली होती.

"तुमाला ठावं न्हाय, वहिनी, त्या फडक्याखाली काय हाय."

"मग उद्या कळेल."

"मला दिसत न्हाय आता नीट," एवढंच बोलले. मी म्हटलं, ठाऊक आहे. त्यांनी उठून फळीवरून ब्रश काढला आणि माझ्याकडे न बघता पुढे केला. दांड्यावर ह्यांच्या दातांच्या खुणा आहेत. विचार करताना चावायचे.

६ एप्रिल, रविवार. पाडवा

पहाटे अंघोळ, कुणाशी बोलले नाही. दार लोटून फडकं काढलं.

एक डोळा होता. डावा. ह्यांनी पुरा काढलेला, पापणीसकट. त्याच्या शेजारी कोरी पांढरी जागा.

घरून आणलेला दाढीचा आरसा त्या डोळ्यासमोर धरला, ब्रशचा दांडा दातांत धरून थोडा विचार केला आणि दुसरा काढला.

भावोजींनी मूर्ती उजेडात आणली, नाकाला नाक लावून पाहिली. विचारलं, "वहिनी, तुमचा कंचा?"

मी सांगितलं नाही.