दोन मिनिटांचं टोकन

सोमवार, ३ जून. सकाळी ९.
लायसन्स ऑफिसचा प्रमुख म्हणून संकल्प: महिनाअखेर लोकांचं सरासरी थांबणं पंधरा मिनिटांवर आणायचं. सध्या दोन तास दहा मिनिटं. वरच्या साहेबांनी फोनवर सांगितलं, जमलं तर हेड ऑफिसात बढती, नाहीतर जुन्या फायलींच्या गोडाऊनात बदली. म्हणजे बढती झाल्यातच जमा. हिला नव्या घरासाठी पडदे बघायला सांगितलं.

संध्याकाळी ६.
सूचनापेटी लावली. एकाने ती उचकटून दुसऱ्याच्या डोक्यात घातली. पेटी शाबूत आहे.

गुरुवार, ६ जून.
'हसतमुख सेवा' सुरू. दोन नंबर खिडकीच्या बाई हसल्या. समोरचा म्हणाला, तीन तास उभा आहे आणि दात कसले काढता? आणि स्टेपलर भिरकावला. बाईंना दोन टाके. बाई म्हणतात, साहेब, खिडक्यांवर माणसं वाढवा. बाईंना दूरदृष्टी नाही.

मंगळवार, ११ जून.
दाढी करताना सुचलं! थांबण्याचा वेळ मोजला जातो तो मशीनमधून टोकन निघाल्यापासून. मग खिडकी रिकामी झाल्याशिवाय टोकन द्यायचंच नाही! फाटकाबाहेर कोण किती उभं आहे, ते मशीनला काय कळतंय? बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. नेमका टाक्यांवर.

बुधवार, १२ जून.
सरासरी दोन मिनिटं!! फाटकाशी किरकोळ हाणामारी. वॉचमनचा दात पडला. एकच.

सोमवार, १७ जून.
हिचा भाऊ ट्रक चालवतो. लायसन्स रिन्यू करायला आलाय. मेहुणा असला म्हणून काय झालं? रांग म्हणजे रांग. हिला तसं ठणकावून सांगितलं. मनातल्या मनात.

दुपारी ३.
साडेपाच तासांनी त्याला टोकन मिळालं. खिडकीऐवजी माझ्या केबिनमध्ये आला. दाजी, म्हणाला, आणि माझा उजवा हात पिरगाळला. कट्कन आवाज झाला. बाईंनी ऐकला, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. हे डाव्या हाताने लिहितोय.

सोमवार, १ जुलै.
हेड ऑफिसचा फोन. आकड्यांवर जाम खूश! पण फाटकाबाहेर एकोणीस जखमी, तेव्हा मी गोडाऊनात. योजना मात्र नव्या साहेबांनी तशीच ठेवली. गुणांची कदर आहे म्हणायची. ही माहेरी गेली. पडदे घेऊन.

शुक्रवार, २६ जुलै. सकाळी ९.
गोडाऊन आडबाजूला, गाडीशिवाय गत्यंतर नाही. प्लॅस्टर सोमवारी निघेल. पण लायसन्सच संपलंय! रांगेत उभा आहे. वॉचमनला ओळख दिली. त्याने नवा दात दाखवला आणि म्हणाला, मागे जा.

दुपारी १.
पुढे बावीस जण. ढकलाढकली करतात मेले. लोकांना जरा म्हणून धीर नाही.

दुपारी ३.१०.
माझा नंबर आला आणि मशीन म्हणतंय, खिडकी रिकामी नाही. आत बाई चहा पिताना दिसतायत.

दुपारी ३.४०.
मशीन फोडलं. प्लॅस्टरच्या हाताने. हात पुन्हा मोडला, त्याच जागी. वॉचमनने मला मानगूट धरून बाहेर काढलं.

खिडकीतून बाई हसल्या. पहिल्यांदाच अगदी मनापासून.