दगडउशीच्या सात रोपांची व्यवस्था

मी, हंबीरराव अर्जुना निकम, वय ७८, शिक्षण सातवी, राहणार उंब्रज, ता. कराड, जि. सातारा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहितो. बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. टाचणी निघाली असल्यास दाखला शोधावा.

१. स्वकष्टाने घेतलेले राहते घर व एक एकर ऊसजमीन मुलगा वीरधवल, राहणार विश्रामबाग, सांगली, यास देतो. उसाचे त्याच्या हातून काही बिघडणार नाही.

२. परसातील कुंड्यांमधली दगडउशी मात्र त्यास मिळणार नाही. त्याने हात लावू नये. हे आमच्या डोंगराच्या सड्यावर, कातळाच्या फटीत, उशीसारखे गोल वाढणारे वीतभर झाड आहे. सड्यावरची ती जागा गाड्या लावण्यासाठी सपाट केली. आता उरली ती माझ्याकडेच, असे मला वाटते. माझे चुकत असेल तर बरेच. तीस वर्षे मी कडेचा फुटवा मुळासकट काढून जांभ्याच्या चुरीत लावत आलो. उशी मधून फाडली की मरते. उन्हाळ्यात ती तपकिरी पडते, तेव्हा पाणी द्यायचे नाही. खत कधीच नाही. हे लिहून गोठ्याच्या दारावर चिकटवले होते.

३. गेल्या चैत्रात मी दवाखान्यात असताना वीरधवलने सव्वीसपैकी एकोणीस रोपांना उसासारखे पाणी पाजून युरिया टाकला. ती सगळी कुजली. वर मला म्हणाला, "आबा, मेलेलीच होती. मी उलट जगवायला बघितलं." मी हे माफ केलेले नाही.

४. उरलेली सात, त्यांच्यापर्यंत पाणी पोहोचण्याआधी, बिराप्पा मेंढक्याने कुंड्यांसकट उचलून आपल्या पत्र्याखाली ठेवली. वीरधवलला म्हणाला, "मेली न्हाईत रं ती, निजल्यात. निजल्याल्याच्या तोंडात पाणी वततंय का कोण?" मी घरी आल्यावर त्याने सातही कुंड्या परसात परत आणून ठेवल्या. याच बिराप्पाच्या मेंढ्यांनी माझी पहिली रोपे तुडवली होती व बावीस वर्षे मी त्याच्याशी बोललेलो नाही. सातही रोपे व चुरीचा ढीग त्यालाच द्यावा. वैर माझ्या बाजूने कायम समजावे. लाभ घेणारा साक्षीदार नसावा, म्हणून त्यास आज बोलावलेले नाही, बोलावलेही नसते.

५. व्यवस्था मुलगी शिवांजली, राहणार आष्टा, हिने पाहावी. फुटवे मृगाच्या पंधरवड्यातच रुजतात. मी नेमका तेव्हा गेलो, तर आधी बिराप्पाकडून फुटवे लावून घ्यावेत, मगच मला उचलावे. तोवर वीरधवलने पुढच्या सोप्यात बसून रडावे. परसात येऊ नये.

सही: हंबीरराव अर्जुना निकम

आमच्यासमोर सही केली:
१. जयराज दत्तू थोरात, निवृत्त शिक्षक
२. रंगूबाई केशव पिसाळ, शेजारी (अंगठा)

ठिकाण: उंब्रज
तारीख: ११ फेब्रुवारी २०२४