पत्र्याचा हिऱ्या

२९ जून, रविवार
आजपासून रोजनिशी. कुणी वाचायची नाही. बायको चंदा वाचत असेल तर तिने इथेच थांबावं.

निर्णय घेतला. मिनी ट्रॅक्टरला नवी बॉडी बसवायची. साधी नाही, कस्टम. अकोल्याहून सेकंडहँड आणला तेव्हाच बोनेट गंजलेलं होतं, मडगार्ड तारेने बांधलेलं. संत्र्याच्या झाडांखालून जावा म्हणून सीट मीच कापून खाली घेतली. तेव्हापासून चालवताना गुडघे कानाला लागतात, पण फांद्या लागत नाहीत. आता वरून पत्र्याचा बैल करायचा. तोंड, वशिंड, शिंगं, सगळं. पोळ्याला तोरणाखालून पहिला जाणार तो हाच.

गावच्या पोळ्यात पहिली जोडी निघते ती आमच्या घरची. तो आमचा मान. पण आता जोडी नाही. कबऱ्या लम्पीच्या साथीत गेला. राहिला एकटा हिऱ्या. एका बैलाची जोडी होत नाही, म्हणून उन्हाळ्यात त्याला गावातल्याच जानरावला विकून टाकलं. जानरावचा भाजीचा मळा आहे, त्याचाही एकच बैल उरला होता. बाबा तेव्हा अकोल्यात माझ्या बहिणीकडे, गीतांजलीकडे होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन. मी मुद्दाम तीच वेळ निवडली. उगाच त्यांच्या डोळ्यांना त्रास नको.

बाबा परत आले, काळा चष्मा काढला, रिकाम्या खुंट्याकडे पाहत राहिले. म्हणजे ऑपरेशन यशस्वी. त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे.

मला स्वतःला काही वाटलं नाही. कबऱ्या गेला तेव्हाही नाही. माणूस मॅच्युअर झाला की असं होतं.

२ जुलै
अमरावतीत फिरलो. गेट-ग्रिलवाले सगळे नाही म्हणाले. एकाने विचारलं, घरचे सोबत आले आहेत का. शेवटी गोवर्धन भेटला. त्याचा धंदा कूलर बनवायचा. पावसाळ्यात काम नाही, दुकानात खाट टाकून पडला होता. स्वभावाने दिलदार. म्हणाला, बैल काय न् कूलर काय, चार बाजू अन् एक तोंड. इतका क्लिअर विचार मी आजवर ऐकलेला नाही. ट्रॅक्टर त्याच्याकडे सोडला.

६ जुलै, पहाटे (ठरवलं होतं, प्रत्यक्षात साडेनऊ)
ड्रॉइंग पूर्ण. चंदाला दाखवलं. ती म्हणाली, कुत्रं चांगलं काढलं. बायकोला साइड व्ह्यू कळत नाही.

बाबांच्या बाजेवर ड्रॉइंग ठेवून आलो. संध्याकाळी पाहिलं तर उशीखाली घडी घालून ठेवलेलं. मूकसंमती. (चंदा म्हणते बाजेचा एक पाय आखूड आहे, कागद पायाखाली होता. उशी काय, पाय काय. ठेवला तर आहे.)

संकल्प : बॉडी पूर्ण होईपर्यंत तंबाखूचा खर्रा बंद.

७ जुलै
खर्रा एकदम सोडणं तब्येतीला बरं नाही असं ऐकलं.

१२ जुलै
कपाशीत गवत गुडघ्याला आलं. चंदा म्हणाली, ट्रॅक्टर नाही तर गवत काढायचे डवरे कशाने करणार, पत्र्याच्या चित्राने का? मी तिला प्रायॉरिटी समजावून सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि जाऊन जानरावची जोडी सांगून आली.

म्हणजे हिऱ्या आज आमच्याच वावरात, दुसऱ्याच्या बैलाशेजारी. जानरावने हाक मारायच्या आधीच ओळीच्या शेवटी वळत होता. बाबा दिवसभर धुऱ्याच्या बांधावर बसून होते. मोकळी हवा चांगलीच.

मी हिऱ्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. दोघांनाही काही वाटलं नाही.

१९ जुलै
अमरावती. कामाची प्रगती उत्तम. बैल थोडा चौकोनी झाला आहे. पोटाला दोन्ही बाजूंनी आडव्या झडपा पाडल्यात, कूलरला असतात तशा. कशाला पाडल्या विचारलं तर गोवर्धन म्हणाला, हात तसाच चालते भाऊ, पत्रा समोर आला का झडपा पडतेच. कलावंताला अडवू नये.

तोंडाचा प्रश्न होता. रेडिएटरपुढे जाळी ठेवावी लागेल असं तो म्हणत होता. जाळीच्या तोंडाचा बैल कुणी पाहिला आहे? मी म्हटलं, तोंड बंद. नाकपुड्यांची दोन भोकं पुरे. त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, गरम झालं तर आत पंखा टाकून देऊ, आपण कूलरवालेच हाओ. दोघांचंही समाधान झालं.

२७ जुलै
शिंगं पाइप वाकवून केली. एक वर गेलं, एक थोडं बाजूला. हिऱ्याचंही डावं शिंग वाकडं होतं, त्यामुळे हे उलट बरोबरच आलं. फक्त याचं उजवं आहे.

रंग आयव्हरी. गोवर्धनकडे तोच शिल्लक होता. हिऱ्या तंतोतंत याच रंगाचा. की जरा पिवळसर होता? आठवत नाही. विचारायचं कुणाला? बाबांना विचारता आलं असतं.

५ ऑगस्ट
बॉडी बसवून ट्रॅक्टर घरी. मालवाहू गाडीत चढवून आणला, रस्त्यात रंग खराब नको. बडनेऱ्याला एक माणूस धावत आला आणि कूलर केवढ्याचा म्हणून विचारू लागला. ऑगस्टमध्ये. लोकांना सीझनचं भान नाही.

गोठ्यात हिऱ्याच्या खुंट्याजवळ उभा केला. तिथेच पत्र्याची सावली आहे. बाबांची बाज गोठ्याच्या तोंडाशी असते, पूर्वीपासून. आज त्यांनी ती उचलून पार ओसरीच्या दुसऱ्या टोकाला नेली. न सांगता जागा करून दिली. जुनी माणसं बोलत नाहीत, करून दाखवतात.

१० ऑगस्ट
ट्रायल. मारुतीच्या देवळापर्यंत ठीक. परत येताना इंजिन तापलं, नाकपुड्यांतून वाफ निघाली. पाहणारे खूश. गोवर्धनला फोन केला. त्याने पंखा बसवायचं कबूल केलं, पण गणपतीनंतर. हरकत नाही. तोरण देवळापाशीच असतं. जायचं ते एकदा, सरळ, तोरणाखालून. परत यायचं तेव्हा मान मिळालेला असेल, मग कितीही तापो.

सीटवर बाबांना बसवायचं, मी बाजूने चालायचं. लोक हार घालतील. तेव्हा ते माझ्याशी बोलतीलच. लोकांसमोर तरी बोलावंच लागेल.

१७ ऑगस्ट
सरपंच शालूताई घरी आल्या. ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली. म्हणाल्या, मनोजभाऊ, मानाले बैल पाह्यजे. मी म्हटलं, हा बैलच आहे. त्यांनी पोटाच्या झडपेत बोट घालून पाहिलं आणि म्हणाल्या, मान किसनरावचा, तुमच्या बाबाचा हाय, ते सांगतीन तसं.

मग बाबांजवळ बसल्या. बाबा बराच वेळ त्यांच्याशी बोलत होते. हातवारे करून. एकदा हसले. मी ओसरीवर गेलो तेव्हा थांबले. सरप्राइज असणार.

२१ ऑगस्ट
आज खांदेमळण. वर्षभर जू ओढलेल्या खांद्याला लोणी-हळद चोळायची, पळसाच्या पानाने शेकायचं, उद्याचं जेवणाचं आवतन द्यायचं. आमच्याकडे हे बाबाच करतात. चंदाने वाटी काढून ठेवली होती. मी पॅन्ट बदलून आलो तर वाटी नाही, पळसाची पानं नाहीत, बाबाही नाहीत. देवळात गेले असतील.

आईने, गोदाबाईने, शिवलेली झूलही पेटीत सापडली नाही. आई गेली त्याच्या आधीच्या पोळ्याला तिने शिवली होती, आरशांची. पत्र्यावर छान दिसली असती.

लोणी नाही म्हणून बोनेटला ग्रीस चोळलं. जास्त टिकतं. मग आजूबाजूला कुणी नाही असं पाहून म्हटलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. इंजिन बंद होतं. बरंच शांत वाटलं.

२२ ऑगस्ट, पोळा. दुपारी
सगळं तयार. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळ. चंदाला सांगितलं, पहिली पुरणपोळी ट्रॅक्टरची. ती म्हणाली, खाईन कोठून, तोंड तं झाकून टाकलं तुमी. बोनेटवर ठेवू. बाबा सकाळीच नवं धोतर नेसून बाहेर पडले. थेट तोरणापाशी भेटणार, असा माझा अंदाज.

त्याच दिवशी, रात्री
क्रमाने लिहितो.

ट्रॅक्टर सगळ्यांच्या पुढे, तोरणाच्या तोंडाशी लावला होता. इंजिन सुरू ठेवलं, ऐन वेळी दगा नको. शालूताई म्हणाल्या, किसनराव येऊ द्या. वाट पाहिली. वाजंत्री सुरू झाली. मागून गर्दी बाजूला झाली आणि जानरावची जोडी आली. हिऱ्याच्या पाठीवर आईची झूल. खांद्याला हळद. कासरा बाबांच्या हातात.

शालूताईंनी सगळ्यांसमोर विचारलं, मान कोणाचा? बाबा म्हणाले, हिऱ्याचा. कोठं बी बांधला असंना.

मला ट्रॅक्टर मागे घ्यायला सांगितलं. गिअर टाकला आणि दोन्ही नाकपुड्यांतून वाफ आली, मग गरम पाणी, मग काहीच नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं बसवलेलंच आहे. दुसऱ्यांदा सुरू झाला नाही. जोडीला माझ्या बाजूने वळसा घालून न्यावी लागली. लोक झडत्या, पोळ्याची गाणी, म्हणत होते, हर हर महादेव झालं, पोळा फुटला. मी तेव्हा बोनेटखाली वाकलो होतो. तोरणाखालून हिऱ्या गेला ते पाहता आलं नाही. आवाज ऐकला.

चौघांनी ट्रॅक्टर ढकलत घरी आणून दिला, पुन्हा खुंट्याशी. एकाने विचारलं, यात पाणी कोठून भरते.

दिवेलागणीला बैल घरोघर पूजेला निघाले. जानरावला आधी दुसऱ्याच घरी जायचं होतं. पण आमच्या वळणावर हिऱ्या थांबला आणि सरळ आत आला. जानराव कासऱ्यामागे ओढला जात आला, म्हणाला, मी नाही आणला, तोच आला. हिऱ्या गोठ्यात गेला. पत्र्याचं तोंड हुंगलं. खुंट्यापाशी जागा नव्हती, म्हणून तिथेच थांबून राहिला, मान खाली घालून.

चंदाने त्याचे पाय धुतले, ओवाळलं, ती पहिली पुरणपोळी त्यालाच दिली. मी जवळ गेलो तेव्हा त्याने तोंड फिरवलं. माझ्या हाताला ग्रीसचा वास होता.

मग बाबा माझ्याशी बोलले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. म्हणाले, त्याच्या खुंट्यावरचा तो डबा हलव.

डबा म्हणाले. म्हणजे निदान नीट पाहिला होता.

हलवला. जानरावने हात लावला. हिऱ्या खुंट्यापाशी जाऊन उभा राहिला, कुणी बांधलं नाही तरी. थोड्या वेळाने जानराव म्हणाला, चाल बावा, अन् त्याला घेऊन गेला. बाबा वळणापर्यंत सोबत गेले. मी दोन पुरणपोळ्या खाल्ल्या.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा
शालूताईंचा निरोप आला. चाकं असलेले नंदी आजच्या पोळ्यात येतात, तुमचा आणा, तुमचं मन राहील. तान्हा पोळा लहान लेकरांचा असतो, लाकडी बैल दोरीने ओढतात. मी नाही म्हणणार होतो. पण लेकरं आलीच, ट्रॅक्टरला दोर बांधला आणि ओढत नेला. मी सीटवर बसून ब्रेक सांभाळला, गुडघे कानाशी.

पहिला नंबर एका वीतभर लाकडी नंदीला. मला उत्तेजनार्थ. कंपासपेटी. स्टेजवर नाव पुकारलं तेव्हा जाऊन घेतली. काही वाटलं नाही.

परत आलो तर गोठ्यात खुंट्याभोवती झाडून, शेणाने सारवलेलं. चंदा म्हणाली, बाबांनी. तिथे आता काय बांधायचं ते त्यांनी सांगितलेलं नाही. खुंट्याला हात लावून पाहिला. दाव्याने घासून घासून त्याला खोल गळा पडला आहे. रोज समोर होता, मी कधी पाहिलाच नव्हता. बराच वेळ तिथे बसलो. हिऱ्याची फार आठवण आली. त्याला विकायला नको होतं. लिहून टाकतो, इथे कुणी वाचत नाही.

मग ओसरीवर जाऊन बाबांना कंपासपेटी दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, उघडली, आतलं कर्कटक अन् पट्टी काढून माझ्या हातात दिली आणि पेटीत आपला तंबाखू भरला.