माद्यांचे आकडे

कलकत्ता, डिसेंबर १९५४

प्रिय कालिंदे,

नागपूरला मामाकडे हवापालटाला गेलीस म्हणे. रडायला जागा हवी होती, असं सरळ सांग की. इथे तुझा बाप मात्र खूश आहे. पोरगी प्रयोगशाळेतून सुटली, आता स्थळं बघू, म्हणून रघुनाथ बैठकीतल्या खुर्च्या रोज स्वतः पुसतो. जन्मात कधी फडकं हातात धरलं नव्हतं.

मी दोन बुकं शिकलेली. मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते, जीव घाबरला की तिचा रस रक्तात उतरतो, हे तू सांगितलंस म्हणून मला माहीत. उंदरांत हा रस नरापेक्षा मादीत जास्त निघतो, हे तू दोन वर्षं खपून काढलंस. मला त्याचं नवल वाटलं नाही. पण मला वाटून काय उपयोग, मोजलं तू.

आणि तुझे सर म्हणतात, माद्यांना ऋतुचक्र असतं, आकडे वरखाली होतात, तेव्हा माद्या वगळ, नरांचंच लिही, लगेच छापून आणतो. अगं, हे तर आपल्याच घरचं झालं! कोपऱ्यात बस, कशाला शिवू नकोस. एवढा विलायतेहून शिकून आलेला माणूस, आणि उंदरीचा विटाळ मानतो! वरखाली होते ना ती? मग किती होते ते मोजा. आपल्या घरातली ती कोपऱ्यातली चटई मी परवा कचऱ्यात टाकली. तुझी आई बघतच राहिली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काल तुझ्याबरोबर काम करणारा चारुदत्त येऊन गेला. सरांनी माद्यांचे पिंजरे सोमवारच्या आत रिकामे करायला सांगितले होते, म्हणजे मारायलाच. मी शाल पांघरली, हातरिक्षा केली आणि सगळे पिंजरे घरी आणले. सर इंग्रजीत बरंच बोलले. मला कळलं नाही, ते बरंच झालं. आता तुझ्या उंदऱ्या व्हरांड्यात भिजवलेले चणे खातात आणि घाण करतात. एक मला चावलीसुद्धा. या वासात मुलगी बघायला कोण येतंय, म्हणून रघुनाथ तोंड पाडून बसलाय. रिक्षाच्या हिसक्यांनी घाबरून त्यांचा रस वाढला असेल, तुझे आकडे बिघडले असतील. बिघडू देत. पहिल्यापासून मोज. लिहिशील ते माद्यांसकट लिही, नाहीतर लिहू नकोस. हे सर नाही म्हणाले तर दुसरे शोधू. मिळेल त्या गाडीने नीघ. हावड्याला मी घ्यायला येणार नाही. या उंदऱ्यांना सोडून कुठे जाऊ?

तुझीच,
आजी