रिबेकाच्या लग्नाआधी दिसलेलं पाण्यातलं घर

प्रिय अहो,

आज चर्चमधून आले, चहा ठेवला आणि गॅलरीत बसल्या बसल्या डोळा लागला. तुम्ही समोर उभे, तोच पांढरा सदरा, आणि विचारताय, "काय गं, पोरीचं झालं का?" उत्तर द्यायच्या आत चहा उतू गेला आणि तुम्ही गायब! म्हणून लिहायला बसले. चौथीपर्यंतचं माझं अक्षर, सांभाळून घ्या.

आपल्या समूच्या लेकीचं, रिबेकाचं जमलं हो! मुलगा योहान, करंजाचा, पोर्टात क्रेन चालवतो. तिकडच्या चर्चच्या मंडळीतला आहे. सावळा, आणि हसताना लाजतो, अगदी तुमच्यासारखा. बरं, ते राहू दे.

मधे जीव नुसता टांगणीला लागला होता. कामोठ्याला समूच्या घरी प्रार्थना होती. देवाचा संदेश सांगणारे एक पाहुणे भाऊ आले होते. त्यांनी रिबेकाच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "मुली, मला एक घर दिसतंय. पाण्यात उभं." बस्स! लगेच आमेन.

समूचा चेहराच उतरला. "करंजा म्हणजे समुद्र. घर बुडणार. देव नको म्हणतोय, मोडा हे लग्न." सूनबाई म्हणाली, "अहो, पाणी म्हणजे आशीर्वादही असेल!" पोरगी कोपऱ्यात मुसमुसतेय. मी कोणाला विचारू? तुम्ही आपले निवांत वर जाऊन बसलात!

असा काही संदेश आला की तुम्ही म्हणायचात, "आंबा उतरवला की लगेच कापतेस का? आढीत राहू दे." आणि सांगणाऱ्याला गाठून विचारायचात, दिसलं काय आणि तुम्हाला वाटलं काय? मला किती राग यायचा!

या वेळी मीच पदर खोचून गेले. "भाऊ, घर बुडत होतं का?"

ते गोंधळलेच. "नाही आजी. नुसतं उभं होतं. पाणी शांत होतं. अर्थ मला दिलेला नाही, मी सांगितलाही नाही."

बघा! बुडवलं ते आपल्या समूनं!

त्याला म्हटलं, "तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचतात, हरकत विचारतात, ते कशाला? थांबायलाच ना? मग थांब. प्रार्थना कर. आणि पोराला नीट बघ."

"बघितलंय की."

"फोटोत!"

मग आम्ही करंजाला गेलो. भरती होती. होड्या जागच्या जागी डुलत होत्या, ऊन धूसर, आणि मला वाटलं, एखाद्या होडीत तुम्हीच बसलाय. योहान त्याच्या आजारी आजीला जेवण भरवत होता, मासळीतला एकेक काटा काढून. आम्ही दारात उभे, त्याला पत्ताच नाही. समूनं येताना बोंबील घेतले, एवढे!

आज नावांचं शेवटचं वाचन. पाळकसाहेबांनी विचारलं, "कोणाची हरकत?" आणि समू उभा राहिला हो! रिबेकानं माझा हात असा आवळला, बांगडी रुतली. सगळी माणसं मागे वळलेली.

"पाळकसाहेब," समू म्हणाला, "बापाची हरकत नाही." आणि रडायलाच लागला, वेडा. मी मात्र हसत सुटले!

त्या घराचा अर्थ अजून नाही कळला. देव सांगेल तेव्हा सांगेल, घाई कोणाला आहे? पण तुम्हाला शब्द देते, तोवर रिबेकाला त्यावरून कोणी घाबरवलं, तर गाठ माझ्याशी आहे. आणि लग्नात तुमच्या वाटचंही मीच नाचेन, गुडघे काहीही म्हणोत.

तुमचीच,
सुशीला