आत्याचा मान

पुणे, ३ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. त्रिवेणी आत्यास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझ्या हुकुमाप्रमाणे फोन न करता मराठीत पत्र लिहितोय. अक्षराला हसू नकोस, शाळेत मी तेलुगूच जास्त गिरवलं.

अमेयदादाच्या लेकीच्या बारशाला अंबरपेठला यायचं आहे, पण भीती वाटते. मी मुलगी नाही, मुलगा आहे, हे घरी सांगून वर्ष झालं. आईबाबा, दादा, पल्लवीवहिनी, सगळे मला हर्षवर्धन म्हणतात. तू मात्र दसऱ्यालाही नावाने हाक मारली नाहीस. चारचौघांत जुन्या नावाने बोलावून बाळाची आत्या म्हणून मला पाळण्याशी बसवलंस, तर मला ते सोसणार नाही. मी येऊ की नको, एवढं कळव.

मोठ्यांनी लोभ धरावा, लहानांनी वाट पाहावी.
तुझा,
हर्षवर्धन

अंबरपेठ, हैदराबाद, ९ नोव्हेंबर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचताना चष्मा दोनदा पुसला. दोष चष्म्याचा नव्हता, तुझ्या अक्षराचा होता.

होय, मी रागावले आहे. पण तू समजतोस त्यासाठी नाही. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तुझ्या वेळी पाठीवर सगळ्या बायकांचे धपाटे खाऊन मी तो घेतला होता. आता नवं नाव घेतलंस आणि मला ते कळलं दिलसुखनगरच्या बाजारात, पल्लवीकडून, वांगी निवडताना! अरे, आपल्या म्हशीचं नावसुद्धा मला विचारून ठेवलं होतं.

म्हणून मी रुसून बसले. माझ्या रुसण्याने तू वर्षभर घाबरून राहिलास, हे या म्हातारीच्या डोक्यातच आलं नाही. त्याचं फार वाईट वाटतंय.

राग आहे तिथे माया आहेच.
त्रिवेणी आत्या

पुणे, १५ नोव्हेंबर

ती. स्व. आत्यास शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून आधी हसलो, मग रडलो. तुला विचारायचं फार मनात होतं. तू नाही म्हणालीस तर काय करू, या भीतीने राहून गेलं. चुकलं माझं.

नाव आता बदलणार नाही, ते आधार कार्डावरही चढलं. पण ते माझ्या कानात अजून कुणी सांगितलेलं नाही.

लेकराला पदरात घ्यावं.
हर्षवर्धन

अंबरपेठ, २१ नोव्हेंबर

चि. हर्षवर्धन यास अनेक आशीर्वाद.

काल शेजारची भाग्यलक्ष्मी विचारत होती, बाळाची आत्या कधी येणार. मी सांगितलं, या बाळाला आत्या नाही, काका आहे, आणि तो पुढच्या शनिवारी पुण्याहून येतोय. ती म्हणाली, मग नाव कोण सांगणार. म्हटलं, मी अजून जिवंत आहे.

तेव्हा पाळण्याशी मीच बसेन. आधी बाळाच्या कानात तिचं नाव सांगेन. मग तू खाली वाक, उंट झाला आहेस नुसता, माझं तोंड तुझ्या कानाशी पोचायला हवं. पल्लवीला बजावलंय, दोन्ही वेळेला धपाटे जोरात पडले पाहिजेत, लुटुपुटूचे नकोत.

येताना पाठीला चोळायला मलम आण.
तुझी, दोन्ही बारशांची,
आत्या